अंबाडी, ताग आणि खेळाडूचा बूट

अलीकडे खेळांच्या बुटांच्या आणि कपड्यांच्या जाहिराती चाळल्या, तर त्यांत एक शब्द पुनःपुन्हा आढळतो. तो शब्द म्हणजे ‘हेम्प’. बुटाचा वरचा भाग हेम्पच्या कापडाचा आहे, सदरा हेम्प आणि कापूस यांच्या मिश्र सुताचा आहे, आणि म्हणून तो निसर्गाला जपणारा आहे, असे त्यांत सांगितलेले असते. किंमतही त्या मानाने चढीच असते. हा धागा जणू काल-परवा एखाद्या प्रयोगशाळेत जन्माला आला असावा, असा वाचणाऱ्याचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. जगाच्या बाजारात एके काळी ‘डेक्कन हेम्प’ ह्या नावाने एक धागा ओळखला जात असे, आणि तो धागा म्हणजे हैदराबादच्या मुलखात, मराठवाड्यात, विदर्भात शेताच्या कडेने उभी असणारी आपली अंबाडी होती! ह्या एका नावाच्या पोटात किती निरनिराळ्या वस्तू शिरल्या, आणि कोणाकोणाचे श्रम त्यांत झाकले गेले, हे आज थोडे विस्ताराने पाहावयाचे आहे.

खरा हेम्प म्हणजे भांगेचे झाड. हे ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावतील. परंतु एकाच झाडाच्या दोन अंगांपासून दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात, हे ध्यानात घ्यावयास हवे. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर जी चिकट राळ धरते, तिच्यापासून गांजा आणि चरस होतो. खोडाच्या सालीपासून मात्र लांब, चिवट आणि ओला झाला तरी न खचणारा धागा निघतो. ज्याला धागा हवा असतो तो शेतकरी बी दाट पेरतो, म्हणजे झाडांना फांद्या फोडावयास जागा राहत नाही व ती सरळ, सडपातळ, उंच वाढतात. ज्याला राळ हवी असते तो विरळ पेरतो. पेरणीवरूनच पेरणाऱ्याचा हेतू कळतो, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या पूर्वजांना हे तंतू चांगले परिचित होते. संस्कृतातील ‘शण’ हा शब्द मराठीत ‘सण’ ह्या रूपाने आजही टिकून आहे. मनुस्मृतीत क्षत्रियाचे यज्ञोपवीत शणसूत्राचे असावे, असा निर्देश आहे. बौद्ध विनयग्रंथांत भिक्षूंना ज्या सहा प्रकारच्या वस्त्रांची अनुज्ञा आहे, त्यांत ‘साण’ आणि ‘भंग’ ही दोन नावे वेगवेगळी दिलेली आहेत. म्हणजे सणाचे वस्त्र निराळे आणि भांगेच्या सालीचे वस्त्र निराळे, हा भेद त्या काळच्या विणकराला ठाऊक होता. पुढे तो व्यापाऱ्यांनी कसा पुसून टाकला, ते थोड्याच वेळात दिसेल.

दख्खनच्या दृष्टीने ह्याहून मोलाचा पुरावा वेरूळच्या लेण्यांत आहे. वेरूळ, अजिंठा आणि सारा मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता, हे जुन्या मंडळींस सांगावयास नको. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्राचे अध्यापक मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या भिंतींवरील गिलाव्याचे नमुने तपासले व आपला निष्कर्ष २०१६ साली ‘करंट सायन्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. माती आणि चुना यांच्या त्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले. अजिंठ्याच्या चित्रांखालील गिलाव्याला किडीने पुष्कळ उपद्रव दिला. वेरूळला तसा तो झाला नाही. ह्याचे श्रेय त्या संशोधकांनी भांगेच्या तंतूंना दिले आहे. अनुमानाचा भाग वेगळा ठेवला, तरी एवढे निश्चित की, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या गवंड्यांना हा तंतू हाताळता येत होता.

आता इंग्रजांकडे वळू. शिडाच्या जहाजांच्या काळात हेम्प हा आरमाराचा प्राणच होता. दोर हेम्पचे आणि शिडे हेम्पची अथवा जवसाच्या तंतूंची. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ ह्या एका जहाजावरच सुमारे २६ मैल लांबीचे दोर होते! शिडाच्या जाड कापडाला ‘कॅनव्हास’ म्हणत, आणि हा शब्द लॅटिनमधील ‘कॅनॅबिस’ म्हणजे भांगेचे झाड, ह्यावरूनच आलेला आहे. म्हणजे कॅनव्हासचा शब्दशः अर्थ ‘भांगेच्या सालीचे कापड’ असा होतो. हा सारा माल इंग्लंडला प्रामुख्याने रशियाकडून घ्यावा लागे. १८०७ मध्ये नेपोलियन आणि रशियाचा झार यांचा टिल्झिट येथे तह झाला, तेव्हा इंग्लंडच्या पोटात गोळा उठला. दोर नसेल तर आरमार बंदरातच कुजावयाचे. मग कंपनी सरकारची नजर हिंदुस्थानच्या शेतांकडे वळली. विल्यम रॉक्सबर्ग ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने येथील तंतूंची ताकद वजने टांगून मोजली. पुढे क्रिमियाच्या युद्धात तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि १८५५ मध्ये जॉन फोर्ब्ज रॉइल यांचा हिंदुस्थानातील तंतुमय वनस्पतींवरील मोठा ग्रंथ बाहेर पडला. ह्या विषयाचा पुष्कळसा अभ्यास दूरच्या लढायांमुळे झाला आहे, हे थोडे विचित्रच म्हणावयाचे.

व्यापाऱ्याला वनस्पतीच्या कुळाशी कर्तव्य नव्हते. त्याला दोर हवा होता. तेव्हा दोर होण्याजोगा जो जो धागा सापडला, त्याला त्याने ‘हेम्प’ म्हटले. फिलिपाइन्समधील केळीच्या जातीच्या झाडाचा तो ‘मनिला हेम्प’. घायपाताच्या जातीचा तो ‘सिसल हेम्प’. आपल्या सणाचा, म्हणजे ज्याला घोळकाठीसारख्या खुळखुळणाऱ्या शेंगा येतात त्या तागाचा, तो ‘सन हेम्प’. आणि अंबाडीचा तो ‘डेक्कन हेम्प’. ह्यांपैकी एकाचाही भांगेच्या झाडाशी रक्ताचा संबंध नाही. ताग हा मुगा-हरभऱ्याच्या कुळातला, तर अंबाडी ही भेंडी आणि कपाशी यांची बहीण. परंतु अंबाडीची पाने भांगेच्या पानासारखी हाताच्या बोटांप्रमाणे विभागलेली असतात, म्हणून तिच्या शास्त्रीय नावातही ‘भांगेसारखी’ अशा अर्थाचा शब्द येऊन बसला. शास्त्रज्ञ लिनियस आणि बाजारातला दलाल, दोघांनीही तिला दुसऱ्याचे आडनाव दिले. आपल्या बोलण्यात गोंधळ कमी आहे असे मात्र कोणी समजू नये. ‘ताग’ म्हटले की कोणी सण समजतो, तर कोणी बंगालचा ज्यूट; वर्गात हा धडा शिकविताना दर वर्षी एकदा तरी ह्यावरून वाद होतोच.

ज्या अंबाडीला हे उसने नाव मिळाले, तिचे स्वतःचे चरित्र अधिक मनोरंजक आहे. हैदराबादेत तेलुगू घरांत तिला गोंगुरा म्हणतात, आणि तिच्या लोणच्यावाचून तेथील जेवण पुरे होत नाही. दख्खनी मुसलमान कुटुंबांत तिला ‘अंबाडा’ हेच नाव आहे व ‘अंबाडा गोश्त’ हा तेथील आवडीचा पदार्थ आहे. मराठी घरांत कण्या घालून केलेली, वर लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी. तिन्ही भाषा एका आंबट पानाभोवती बसल्या आहेत! परंतु पान हा तिचा पूर्वार्ध झाला. कोवळेपणी पान खुडावयाचे, आणि पुढे झाड वाढून फुलोऱ्यास आले की त्याच्या सालीचा वाख काढावयाचा, अशी तिची दुहेरी उपयुक्तता होती. बिया गुरांच्या पोटात जात, सोललेल्या काड्या चुलीत जात.

ही अंबाडी दख्खनमध्ये स्वतंत्र शेत देऊन क्वचितच पेरली जाई. ज्वारी, तूर, कापूस यांच्या पिकांत एखादी ओळ किंवा शेताच्या कडेने एक रांग, एवढीच तिची जागा. कारण ती बाजारासाठी नव्हती. शेतकऱ्याला वर्षभर लागणारा दोर घरच्या शेतातूनच निघावा, एवढाच तिचा हेतू. हा दोर किती प्रकारचा लागे, ते आज सांगितले तर शहरातील मुलांना त्यांतली निम्मी नावेही कळावयाची नाहीत. गाय बांधावयास दावे, बैल हाकावयास कासरा, तोंडास म्होरकी, मोटेला जाड नाडा आणि बारीक सोंदूर, भांडी टांगावयास शिंके, बाज विणावयास सुंभ. विहिरीवर मोट चालत असताना नाडा तुटला, तर त्या दिवसाचे पाणी गेले आणि प्रसंगी बैलाचा पायही गेला. तेव्हा अंबाडीचा वाख कसा निघाला, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने साधा नव्हता.

आणि वाख काढणे हे सुखाचे काम नव्हते. कापलेल्या झाडांच्या पेंढ्या दोन-चार दिवस उभ्या करून पाने गळू द्यावयाची. मग त्या ओढ्यात अथवा डोहात बुडवून वर दगड ठेवावयाचे. आठ-पंधरा दिवसांत पाण्यातील सूक्ष्म जंतू सालीला खोडाशी चिकटवून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ खाऊन टाकतात. एक दिवस कमी झाला तर साल सुटत नाही, दोन दिवस अधिक झाले तर धागाच कुजतो. हा नेमका दिवस ओळखणे हीच त्यातली विद्या. नंतर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून साल सोलावयाची, आपटून धुवावयाची, वाळवावयाची. त्या पाण्याचा दर्प ज्याने घेतला आहे, तो तो विसरणार नाही. त्या पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात, आणि गुरे त्या पाण्याला तोंड लावीत नाहीत. जेथे पावसाळ्यानंतर ओढ्याला चार महिनेही पाणी टिकत नाही, त्या मुलखात हे पाणी कोणाचे, असा तंटा उभा राहणे स्वाभाविकच होते.

हे काम गावात कोणी करावयाचे, ह्याचे उत्तर समाजाने फार पूर्वीच ठरवून टाकले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ ह्या १९१५ च्या पुस्तकात बलुतेदारांच्या कामांची जी नोंद आहे, तीत दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे आहे. पोळ्याला साऱ्या गावाची गुरे ह्यांच्या दोरांनी सजत, आणि ज्यांनी ते दोर वळले त्यांना मात्र गावाबाहेर राहावे लागे. मध्य प्रांतातही असाच प्रकार होता. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जातिवर्णनात कुमरावत नावाच्या एका लहान जातीची माहिती आहे. सण पिकवावयाचा आणि त्याची तरटे विणावयाची हा तिचा धंदा. दोर सर्वांना हवा, परंतु दोराच्या वासाचा माणूस जवळ नको, ही आपल्या इतिहासातील लाजिरवाणी गोष्ट होय. ‘नैसर्गिक धागा’ ह्या गोड शब्दाबरोबर ह्या गोष्टीचीही आठवण ठेवली पाहिजे, असे मला वाटते.

तागाच्या संदर्भात हैदराबादशी निगडित असलेले आणखी एक नाव घेतले पाहिजे, ते बंजारा समाजाचे. आज बंजारा हिल्स म्हटले की उंची बंगले आणि काचेची दुकाने डोळ्यांसमोर येतात. त्या टेकड्यांना ज्या बंजाऱ्यांचे नाव मिळाले, ते रेल्वे येण्यापूर्वी अर्ध्या हिंदुस्थानचे वाहतूकदार होते. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून त्यांचे तांडे किनाऱ्यापासून देशावर आणि देशावरून उत्तरेकडे जात. मोगल फौजा दख्खनमध्ये उतरल्या, तेव्हा त्यांच्या पाठीशी असलेल्या बंजारा नायकांपाशी १ लाख ८० हजार बैल होते, अशी परंपरा आहे. १८०३ मध्ये जालन्याजवळ असई येथे लढलेल्या वेलस्लीच्या फौजेलाही ह्याच लोकांनी धान्य पुरविले. हे धान्य ज्यात भरले जाई ती गोणी तागाची असे; बैलाच्या दोन्ही अंगांस लोंबणारी, जाड विणीची, पावसाला सहसा दाद न देणारी. मुक्काम पडला की तांड्यातील माणसे सण कातीत, दोर वळीत आणि तरट विणीत. इंग्रजीत पोत्याला जो ‘गनी’ असा शब्द आहे, तो आपल्या ‘गोणी’वरूनच गेलेला आहे. गोणी फाटली तरी तिचे आयुष्य संपत नसे. जुने तरट, जुने दोर कुटून त्यांचा लगदा करीत आणि त्यापासून हातकागद बनवीत. एकाच धाग्याने आधी धान्य वाहावे आणि नंतर त्यावर हिशेब लिहिला जावा, ह्याहून अधिक काटकसर ती कोणती?

रेल्वे आली आणि तांडे थांबले. कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्यांची पोती स्वस्त पडू लागली व गावची तरटे मागे पडली. त्या काळात बिहारातील पुसा येथे आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी ताग व अंबाडी यांच्या जातींचा बारकाईने अभ्यास करून १९१०–११ च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. हेच हॉवर्ड पुढे इंदूरला खत कुजविण्याच्या पद्धतीमुळे जगप्रसिद्ध झाले, आणि आज ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात तिचे ते एक आद्य प्रवर्तक मानले जातात. १९४७ च्या फाळणीने अंबाडीला अकस्मात पुन्हा महत्त्व आले. गिरण्या हुगळीच्या काठी राहिल्या आणि ज्यूटची बहुतेक शेते पूर्व पाकिस्तानात गेली. तेव्हा सरकारने अंबाडीची लागवड वाढविली. आंध्रच्या किनाऱ्यावर भीमुनिपट्टणम् बंदरावरून तिला ‘बिमली ज्यूट’ असे आणखी एक नाव मिळाले. पुन्हा दुसऱ्याचेच आडनाव!

आता बुटाकडे येऊ. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधकाच्या साह्याने रबर पक्के करण्याची युक्ती सापडली, आणि त्यामुळे कापडी बुटाला रबराचा तळ बसविणे शक्य झाले. १९१६ मध्ये तेथे ‘केड्स’ आणि १९१७ मध्ये ‘कॉन्व्हर्स’चा ‘ऑल स्टार’ हा बास्केटबॉलचा बूट बाजारात आला. हे बूट घालून चालले असता आवाज होत नाही, म्हणून त्यांना ‘स्नीकर’ म्हणजे जणू चोरपावलांचे बूट असे नाव पडले. आपल्याकडे बाटा कंपनी १९३१ मध्ये आली, पुढे कलकत्त्याजवळ बाटानगर वसले, आणि रबरी तळाचा पांढरा कॅनव्हास बूट शाळाशाळांतून कवायतीच्या तासाला दिसू लागला. शनिवारी सकाळी त्यावर खडूची पूड फासून मैदानावर उभे राहणारी मुले आमच्या पिढीतील प्रत्येक शिक्षकाने पाहिली आहेत. ह्या कॅनव्हासात मात्र हेम्पचा एकही धागा नव्हता. तो संपूर्णपणे कापसाचा होता. अंबाडीला हेम्पचे नाव मिळाले, पण ती हेम्प नव्हती. आणि ज्या कापडाचे नावच हेम्पवरून पडले, त्या कॅनव्हासातून हेम्प केव्हाच निघून गेला होता.

असा साधा बूटही सर्वांना परवडत होता असे नाही. हैदराबाद हे हिंदी फुटबॉलचे एक माहेरघर. सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक; त्यांनी घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. त्या पिढीतील पुष्कळ खेळाडू अनवाणी खेळत मोठे झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले व अवघ्या एका गोलाने हरले. तिकडच्या प्रेक्षकांना त्याचे केवढे कौतुक वाटले! १९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १० विरुद्ध १ असा पराभव केला, तेव्हा ते कौतुक ओसरले आणि बूट सक्तीचे झाले. ह्या संघात हैदराबादचे अझीझुद्दीन आणि नूर महंमद होते. चारच वर्षांनी मेलबर्नला रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली बूट घातलेला हाच देश चौथा आला. तेव्हा अनवाणी पायांचे काव्य करताना बुटाच्या किमतीचा विसर पडू देऊ नये. खेळाडूच्या पायातील वस्तू किती उदात्त आहे, ह्याइतकाच ती कोणाला विकत घेता येते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

भांगेच्या झाडाचा धागा बुटातून नाहीसा झाला, त्यास कापसाच्या स्वस्ताईइतकाच कायदाही कारण झाला. अमेरिकेने १९३७ मध्ये ह्या झाडावर जबर कर बसविला. १९४२ मध्ये जपानने फिलिपाइन्स घेतल्यामुळे मनिला हेम्प बंद झाला, तेव्हा त्याच सरकारने शेतकऱ्यांना हेम्प पेरण्याची विनवणी करणारा चित्रपट काढला. आणि युद्ध संपताच पुन्हा पाठ फिरविली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात धागा आणि बी यांसाठीची लागवड नियंत्रणातून वगळलेली आहे. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातही केवळ धागा व बी यांसाठी लागवडीस परवानगी देण्याची तरतूद आहे. परंतु तरतूद कागदावर असणे आणि तलाठ्या-फौजदाराच्या भीतीवाचून शेतात बी पडणे, ह्यांत अंतर असते. उत्तराखंडाने असा पहिला परवाना दिला तो २०१८ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर ३३ वर्षांनी. त्यातही नशा आणणारे द्रव्य ०.३ टक्क्याच्या आत असावे, अशी अट आहे. त्याच वर्षी अमेरिकेनेही हेम्पची शेती मोकळी केली.

१९९५–९६ च्या सुमारास आदिदास कंपनीने हेम्पच्या कापडाचा एक बूट काढला आणि त्याचे नावही ‘हेम्प’ असेच ठेवले, तेव्हा अमेरिकेच्या नशाविरोधी खात्याच्या प्रमुखांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. आमचा बूट कोणी ओढून धूर काढील असे वाटत नाही, अशा आशयाचे उत्तर कंपनीने दिले. गंमत अशी की, हिमालयातील कुलूच्या खोऱ्यात अशी पादत्राणे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. तेथील ‘पूला’ हे पायताण भांगेच्या सालीच्या दोरीचे विणलेले असते, आणि त्यात चामडे नसल्यामुळे ते देवळातही चालते. नव्या म्हणून मिरविणाऱ्या बुटाचे आजोबा असे आपल्याच देशात हयात आहेत.

आजच्या हेम्पच्या बुटाविषयी जे गुण सांगितले जातात, त्यांतील पुष्कळसे खरे आहेत. भांगेच्या पिकाला कापसापेक्षा पाणी कमी लागते, ते तणाला वाढू देत नाही, कापड हवेशीर असते आणि ओढले तरी सैल पडत नाही. त्याचा धागा मुळात राठ असतो; तो रासायनिक अथवा यांत्रिक प्रक्रियेने मऊ व आखूड करून कापसाच्या चात्यांवर कातण्याजोगा करतात. पॅटागोनिया ह्या अमेरिकन कंपनीने १९९७ पासून हेम्पचे कपडे काढले. लिवाइजने २०१९ मध्ये असा कापसासारखा केलेला हेम्प वापरला. परंतु बुटाचा वरचा भाग म्हणजे संपूर्ण बूट नव्हे. तळ रबराचा किंवा फेसाळ प्लास्टिकचा, मध्ये डिंक, नाडीच्या टोकाला प्लास्टिक, आणि खेळाच्या सदऱ्यात हेम्पबरोबर पुष्कळदा पॉलिएस्टर. हा बूट मातीत पुरला तर त्यातला हेम्प कुजेल. बाकीचे तसेच राहील. जुनी गोणी ज्या अर्थाने मातीला परत जाई, त्या अर्थाने हा बूट परत जात नाही. शिवाय साल कोणत्या पाण्यात कुजविली, ते पाणी पुढे कोठे सोडले, आणि ती कोणी किती मजुरीवर सोलली, ह्याची माहिती बुटाच्या खोक्यावर सहसा नसते. आमच्याकडे ओढ्याच्या पाण्याचा तंटा निदान सर्वांना दिसत तरी होता.

मग अंबाडीपासूनच खेळाचा बूट का करू नये, असा प्रश्न कोणी विचारील. भावनेच्या भरात होय म्हणावेसे वाटते. परंतु अंबाडीचा वाख ज्यूटपेक्षाही राठ असतो व त्याचे अंगाला लावण्याजोगे बारीक सूत करणे सोपे नाही. पोते, दोर, कागद, चटई ही तिची खरी कामे. जगाच्या बाजारात ‘केनाफ’ ह्या नावाने तिचा तंतू आज मोटारींच्या दारांच्या आतल्या फळ्यांतही जातो. स्पेनमध्ये दोरीच्या तळाचे जे हलके बूट वापरतात, त्यांचा तळ ज्यूटचा असतो. त्या कामी मात्र आपला राठ वाख उपयोगी पडण्यासारखा आहे. वरचे कापड दुसऱ्याचे आणि तळ अंबाडीचा, असा बूट एखाद्या कारागिराने करून पाहिला तर त्यात वेडेपणा नाही.

मात्र त्यासाठी वाख काढणारी माणसे हवीत. मोट गेली तसा नाडा गेला. नायलॉनचा दोर आठवडे बाजारात किलोवर मिळू लागला तसे दावे आणि कासरेही गेले. ज्यांच्या घरी ही विद्या होती, त्यांच्या मुलांनी ती सोडली, आणि त्या विद्येबरोबर आलेला गावाबाहेरचा वास लक्षात घेता त्यांना दोष देता येणार नाही. सिकंदराबादच्या मोंडा बाजारात पावसाळ्यात गोंगुऱ्याच्या जुड्या आजही येतात. भाजीसाठी झाड कोवळे असतानाच उपटतात. वाख धरावयास ते फुलोऱ्यापर्यंत उभे राहू द्यावे लागते. त्या जुड्यांतील अंबाडी तोपर्यंत शेतात राहत नाही.